आसरांची खिरापत

एक होतं तळं. एवढं मोठं, की या काठावरून हाक मारली तर पलीकडे पोचेपर्यंत हाकेलाच धाप लागायची. त्या तळ्याच्या काठी एक झोपडी होती आणि झोपडीत कौतिका राहायची. पोर नऊ वर्षांची, पण हट्ट असा की अडलेल्या बैलानंही बाजूला व्हावं. तिच्या पाठचा डोमा, सदा भुकेला. त्याच्या पाठची सुमी, अजून भिंत धरून चालणारी. बाप मासळी घेऊन दूरच्या बाजाराला गेला होता.

अश्विनातला दिवस होता. पाऊस सरलेला, तळं काठोकाठ भरलेलं, ऊन हळदीसारखं पिवळं. सकाळीच माय तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत पलीकडच्या काठाला धान कापायला निघाली. निघताना म्हणाली, "कौतिके, या दोघांना सांभाळ. दिवस बुडला की आलेच मी."

शेताच्या मालकाला तिनं तसाच शब्द दिला होता. दिवस बुडेपर्यंत कापीन. आणि माय दिलेला शब्द मोडायची नाही, बरं का.

मग पोरं खेळली. गाळाचे बैल केले, बैलांना गवताची शिंगं लावली. मग शिंगाडे सोलून खाल्ले. मग पाण्यात पाय सोडून बसली, तर छोटे मासे येऊन बोटांना गुदगुल्या करून गेले. दिवस असा सावकाश चालला होता, जसा म्हातारा बैल पाणवठ्याला निघावा. शेवटी दिवस कासराभर उरला. पोरांनी पाळीकडे डोळे लावले. आता माय येईल.

आणि दिवस तिथंच थांबला.

सूर्य डोंगराच्या वर कासराभर, तो तसाच. पोरांनी वाट पाहिली. पुन्हा वाट पाहिली. बगळे झाडावर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. गाई रानातून परतेनात. कमळं मिटेनात. सुमी पेंगायला लागली, पण उजेड डोळ्यांत खुपायचा आणि ती रडत उठायची. पलीकडे शेतात मायची लाल साडी वाकलेली दिसत होती. वाकलेली, ती वाकलेलीच. दिवसच बुडत नाही तर विळा खाली कसा ठेवणार?

डोमा म्हणाला की आपण ओरडून बोलावू. पण एवढ्या दूर आवाज कसा जाणार, आणि गेला तरी माय शब्द कसा मोडणार? कौतिकानं सुमीला पाठीशी बांधलं, डोमाला डोंग्यात पुढं बसवलं आणि वल्हं हातात घेतलं. दिवस बुडत नाही म्हणजे काय, तिनं ठरवलं, बुडवूनच परत येईन.

थोडं पुढं गेल्यावर पाण्यात सूर्य दिसला. घामेजलेला, दमलेला. कौतिकानं वल्हं थांबवलं आणि त्याला विचारलं, का रे बाबा, घरी का जात नाहीस? सूर्य बिचारा काकुळतीला आला. तो म्हणाला की मी केव्हाचा तयार आहे. पण रोज संध्याकाळ येते, हात देते, मग मी डोंगर उतरतो. आज ती आलीच नाही. तिच्याशिवाय उतरलो तर कोसळेन ना मी.

मग आणखी पुढं गेल्यावर सारसांची जोडी भेटली. एका पायावर उभं राहून त्यांचे पाय भरून आले होते. संध्याकाळ कुठं गेली ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण कमळांच्या बेटाकडून सकाळपासून गाणी ऐकू येतात, ते म्हणाले. तळ्यात काय हरवलं, काय सापडलं, सारं आसरांना ठाऊक असतं. त्यांना विचार.

आसरा म्हणजे कोण? पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. एरवी कोणाला दिसत नाहीत.

कौतिकाला दिसल्या. कमळांच्या मधोमध पाण्यावरच फेर धरून नाचत होत्या. मध्ये मातीची भुलाबाई मांडलेली, तिच्यापुढं झाकलेला पितळी डबा. अश्विनात पोरी भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात, तसंच सगळं. कौतिकानं संध्याकाळची चौकशी केली तशा त्या सातही जणी एकमेकींकडे बघून हसल्या.

थोरली म्हणाली, "आधी आमची खिरापत ओळख. तीनदा सांगून बघायचं. ओळखलीस तर मागशील ते देऊ. हरलीस तर संध्याकाळ होईपर्यंत आमच्याशी खेळायचं."

संध्याकाळ होईपर्यंत! आणि संध्याकाळ तर होतच नव्हती.  पण पलीकडे लाल साडी वाकलेलीच होती. कौतिका म्हणाली, "ठरलं."

तिनं तोंड उघडायच्या आत डोमा ओरडला, "शेंगदाण्याचे लाडू!"

"चूक," आसरा म्हणाल्या. "एक झालं."

कौतिकानं डोमाला असा चिमटा काढला की तो लाडू विसरला. मग ती विचार करायला बसली. पाण्यात राहणाऱ्या बाया, त्या काय करणार? शिंगाड्याच्या पिठाचा शिराच करणार. तसं तिनं सांगितलं. आसरांनी टाळ्या पिटल्या. तेही चूक. दोन झाले. सगळ्यांत धाकटी आसरा तर आनंदानं गिरकी घेऊ लागली, कारण खिरापत तिची होती. सहा बहिणींची खिरापत दरवर्षी ओळखली जायची, आणि या वर्षी तिनं हट्टच धरला होता की आपली कोणाला ओळखू द्यायची नाही.

आता उरलं एक. कौतिकाला घेवर आठवला, खोबऱ्याची वडी आठवली, साखरफुटाणे आठवले.  ती डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डबा वाजवून दाखवा."

आसरा म्हणाल्या, वाजवणार नाही.

"डबा वाजवायचाच असतो," कौतिका म्हणाली. "आमच्या गावात म्हातारीसुद्धा वाजवते. न वाजवता ओळखायला लावणं म्हणजे रडीचा डाव."

आसरांना वादळ चालतं, मगर चालते, पण रडी म्हटलेलं चालत नाही. धाकटीचे गाल लाल झाले. थोरली म्हणाली, पोर रास्त बोलते, वाजव गं. मग धाकटीनं कसनुसं तोंड करून डबा उचलला आणि कौतिकाच्या कानाशी हळूच हलवला.

कौतिकाला वाटलं होतं, लाडू गडगडतील, फुटाणे खुळखुळतील. पण आतून आधी आली गाईंच्या गळ्यातल्या घंटांची किणकिण. मग पाखरांच्या पंखांची फडफड. मग कोणाच्या तरी दारात दिव्याची काडी ओढल्याचा आवाज. आणि सगळ्यांच्या शेवटी, अगदी बारीक, पायवाटेवर जोडव्यांचा आवाज. दमलेले पाय घरी येत होते.

कौतिकानं डब्यावर हात ठेवला.

"ही संध्याकाळ आहे," ती म्हणाली. "माझ्या मायची पण आहे. उघडा."

डब्याचं झाकण आपोआप उडालं. आतून संध्याकाळ निघाली, जांभळी, गार, धुराचा आणि ओल्या गवताचा वास असलेली. धाकटी हिरमुसून बसली. कौतिका तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, अगं, अशी खिरापत कोणाच्याच घरी केली नसेल. पण खिरापत कोंडून ठेवायची नसते ना, वाटायची असते. तशी धाकटी उठली आणि तिनं संध्याकाळ वाटली. मूठभर बगळ्यांना, मूठभर गाईंना, मूठभर सारसांना. डोमाच्याही ओंजळीत मूठभर पडली. त्यानं चाटून पाहिली आणि म्हणाला, बरी आहे, पण लाडू नाही.

उरलेली सारी पलीकडच्या काठावर पसरली. संध्याकाळनं सूर्याला हात दिला, सूर्य डोंगर उतरला. कमळं मिटली, तशा आसराही पाण्याखाली गेल्या.

कौतिका काही घराकडे वळली नाही. तिनं डोंगा सरळ पलीकडच्या काठाला घातला. शेताच्या बांधावर माय कमरेवर हात ठेवून उभी होती, ताठ उभी. पोरांना बघून चकित झाली. म्हणाली, आज दिवस फार लांबला गं. कौतिका म्हणाली, "बस माय. वल्हं मी मारते."

माय डोंग्यात बसली. सुमी तिच्या मांडीवर पडली आणि पडल्यापडल्या झोपली. डोमा तिच्या खांद्याला टेकला, तोही झोपला. पाणी चुबुकचुबुक करत होतं. घरी पोचल्यावर मायनं गरम भात रांधला, पोरांना उठवून भरवला, आणि मग ती चौघंही एका घोंगडीखाली सुखानं झोपली.

आता बाळांनो, आपलीही संध्याकाळ वाटून झाली. गाई निजल्या, बगळे निजले, सारसांनी दुसरा पायसुद्धा खाली टेकला. कूस बदला बघू, पांघरूण नीट घ्या, आणि झाका डोळ्यांचे डबे.