शिळेवरचा कुंडुर

विहाराच्या छपराचे जुने गवत काढायचे होते आणि त्या गवतात पाखरांनी घरटी केली होती. पिले उडून जाईपर्यंत छपराला हात लावायचा नाही, असा नियम संघाने केला. तेव्हा वासभ नावाचा भिक्षू म्हणाला, "नियम उत्तम आहे. पुढच्या पौर्णिमेच्या उपोसथापासून तो लागू करू." शिडी अजून छपराला टेकलेलीच होती. संघाचे गुरू असलेल्या शास्त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगितली.

शैलवती नगरीत दृढकेतू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव सोमदंत. नगराबाहेर मोठे सरोवर होते आणि त्याच्या काठी राजाच्या पणजोबांनी उभारलेली शिळा होती. तिच्यावर कोरले होते, 'या सरोवरातील कुंडुर पक्ष्याला कोणी मारू नये, पकडू नये, त्याचे घरटे मोडू नये.' लोक जाता-येता शिळेला फुले वाहत. तिची पूजा होत असल्यामुळे ती वाचायची गरज कोणाला वाटत नसे.

सरोवरात तांबूस मानेचे मोठे पाणपक्षी राहत. लोक त्यांना तांबमान्या म्हणत. त्यांच्या मानेची पिसे नवरदेवाच्या पागोट्यात खोवण्याची रीत होती. पुढे दरबारी मंडळीही ती खोवू लागली. व्याध जाळी लावत आणि पक्षी बाजारात जात. जिथे पूर्वी पहाटे कान किटत, त्या लव्हाळ्यात आता तुरळक जोडपी उरली आहेत, हे सोमदंताच्या ध्यानात आले. त्याने व्याधांचा नायक भल्लक याला बोलावून शिळा वाचून दाखवली.

"स्वामी, कुंडुर आम्ही बापजन्मात पाहिला नाही," भल्लक म्हणाला. "आम्ही धरतो तो तांबमान्या. कुंडुर दिसला तर त्याच्या वाटेला जाणार नाही. शपथ घेतो."

तो खोटे बोलत नव्हता. या गोष्टीतले दुःख हेच आहे की तिच्यात कोणीच खोटे बोलत नाही.

प्रकरण दरबारात गेले. पुरोहित पिंगलकाने पंडित जमवले. कुंडुर म्हणजे हंस, असे एकाने सिद्ध केले. दुसऱ्याच्या मते तो स्वर्गातला पक्षी होता, म्हणजे त्याला रक्षणाची गरजच नव्हती. तिसऱ्याने शब्दाची व्युत्पत्ती सुरू केली आणि ती काही केल्या संपेना. वाद फार रंगला. दरबार उठे तेव्हा तो उद्यावर जाई, आणि त्याच वेळी राजवाड्यासमोरून पक्ष्यांनी भरलेल्या टोपल्या बाजाराकडे जात.

शेवटी सोमदंत म्हणाला, "महाराज, एकदा पहाटे माझ्याबरोबर सरोवरावर चला. पक्ष्यालाच विचारू."

राजा आला. पाण्यावर धुके होते. लव्हाळ्यातून एका तांबमान्याने मान उंच केली आणि साद घातली, "कुंडुर." पलीकडच्या काठावरून त्याच्या जोडीदाराने उत्तर दिले, "कुंडुर." पिंगलक सोबत होता, त्यानेही ते ऐकले. पणजोबांच्या माणसांनी कानाला जे ऐकू आले तेच दगडावर कोरले होते. राजाचा हात आपल्या पागोट्याकडे गेला. त्याने तिथले पीस काढून मुठीत लपवले.

"पक्षी स्वतःचे नाव विसरलेला नाही, महाराज. आपण विसरलो," सोमदंत म्हणाला. "शिळेवर एवढेच वाढवा, 'ज्याला आज तांबमान्या म्हणतात तो.' आणि आजपासूनच जाळी उचलायला सांगा."

राजाने लगेच मान्य केले. गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते.

पण पिंगलक म्हणाला, "पूर्वजांच्या अक्षरांना छिन्नी लावता येणार नाही. नवी शिळा घडवावी लागेल. आणि सध्या अधिक मास आहे. शुभकार्य पुढच्या महिन्याच्या पंचमीला करता येईल."

राजाला हे पटले. "अमात्य, इतकी वर्षे गेली. महिनाभराने काय बिघडते?" असे म्हणून त्याने दवंडी पिटण्याची आज्ञा दिली : येत्या पंचमीपासून तांबमान्याला कोणी हात लावू नये.

"दवंडी नको, महाराज," सोमदंताने विनवले. "द्यायचीच असेल तर आजपासूनची द्या."

"प्रजेला आधी सांगून मग नियम लावावा. तोच न्याय," राजा म्हणाला. हेही खरेच होते.

दवंडी फिरली आणि सारे नगर सरोवराकडे लोटले. ज्यांनी जन्मात जाळे धरले नव्हते ते कुंभार, शिंपी, माळी टोपल्या घेऊन आले. ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा होता त्याला पिसे हवी होती, कारण पुन्हा ती कधीच मिळणार नव्हती. पाळण्यातल्या मुलांसाठीसुद्धा लोकांनी पिसे जमवून ठेवली. सोमदंत काठावर हात पसरून उभा राहिला.

भल्लकाने त्याला हात जोडले. "स्वामी, पंचमीनंतर आम्ही बोट लावणार नाही. आज मोकळीक आहे. आज अडवलेत तर राजाची आज्ञा तुम्हीच मोडाल."

सोमदंताने बोटातली अमात्यपदाची मुद्रा काढून राजाकडे पाठवून दिली आणि तो कमरेइतक्या पाण्यात शिरला. लव्हाळ्यात एक मादी अंडी उबवत होती. तिच्या घरट्यापाशी तो उभा राहिला. दमला की तिथेच उंचवट्यावर बसे. त्याला पाहून लाज वाटल्याने लोकांनी त्या बाजूला जाळी टाकली नाहीत. मादीचा नर मात्र चाऱ्यासाठी बाहेर गेला तो परतला नाही. ती एकटी कधी चाऱ्याला जाई, कधी घरट्यावर बसे. अंडी गार पडली.

पंचमीला वाजतगाजत नवी शिळा बसली. अक्षरे फार सुरेख आली होती. भल्लक दिलेल्या शब्दाचा पक्का निघाला. तो स्वतः सरोवरावर पहारा देऊ लागला. तो नियम एकदाही मोडला गेला नाही, कारण तो ज्याच्यासाठी केला होता असा एकच पक्षी उरला होता.

हा नियम घडवल्याबद्दल राजाने सोमदंतासाठी मानवस्त्रे पाठवली. ती त्याने परत केली. तो काठावरच एक खोपटे बांधून राहिला. मादी रोज पहाटे मान उंच करून "कुंडुर" म्हणे, वाट पाही, पुन्हा म्हणे. एके दिवशी सोमदंताला ते सोसवेना. त्याने आपल्या माणसाच्या गळ्याने उत्तर दिले, "कुंडुर." पंख पसरून ती पाणी तुडवत धावत आली. समोर माणूस दिसला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग लव्हाळ्यात परत गेली. त्या दिवशी सोमदंत खूप रडला. पुन्हा त्याने कधी उत्तर दिले नाही.

असेच काही पावसाळे गेले आणि एका पहाटे साद आली नाही. भल्लक खोपट्यापाशी येऊन बसला.

"स्वामी, मी पहारा देत राहू ना?"

"दे."

"कशावर देऊ?"

 सोमदंत उठला आणि दुसऱ्या राज्यात चालत गेला. पुढे जन्मभर तो गावोगाव फिरून जुन्या शिळा वाचत राहिला आणि तिथल्या राजांना हात जोडून सांगत राहिला, "आज करा." बहुतेकांनी मुहूर्त पाहतो असे सांगितले.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा वासभ. वाद उद्यावर नेणारे पंडित म्हणजे तुम्ही सारे. भल्लक म्हणजे विहार झाडणारा भिक्षू कंपिल. ती मादी म्हणजे ही भिक्षुणी सुप्रिया, आणि सोमदंत मी होतो."

 सुप्रियाने विचारले, "भगवन्, तो आवाज मला आठवत नाही. पुन्हा त्या जन्माला जाऊन तो ऐकता येईल का?"

"नाही," शास्ते म्हणाले. "जीव देवांत जन्मतात, माणसांत जन्मतात, किड्यांतही जन्मतात. कुंडुर म्हणून आता कोणालाच जन्मता येणार नाही. ते दार आपण बंद केले."

वासभ उठून शिडी काढायला गेला. शिडीखाली सकाळीच उतरवलेल्या गवताचा ढीग पडला होता. तो त्या ढिगापाशी गुडघे टेकून बसला आणि हाताने एकेक काडी बाजूला करत पिले शोधू लागला.

"करू दे त्याला," शास्ते म्हणाले. "आशा नसतानाही हात थांबू न देणे, बोधिसत्त्वाने जोपासायच्या या गुणाचे, या पारमितेचे, नाव वीर्य."