शेवट न सांगणारी आवडी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि कातळवाडीत खोताला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, तेव्हाची ही हकिकत. म्हातारे सांगतात तशी मी सांगणार नाही. सांगता सांगता ते आपल्या पणजोबांना शूर करून टाकतात. पणजोबा शूर नव्हते. शूर होती ती आवडी.

कातळवाडीत चाल अशी होती, की दर घरानं खोताला एक माणूस द्यायचं. कायमचं. ते माणूस खोताची गुरं वळायचं, पाणी भरायचं, गोठ्यात झोपायचं आणि तिथंच मरायचं. मग त्याच घरानं दुसरं द्यायचं. म्हातारे याला 'मान' म्हणायचे आणि माणूस पोचवायला ढोल वाजवत जायचे. आवडीच्या घरून तिचा मामा गेला होता. बापाला स्वतःचा भाऊ द्यायला जड गेलं, म्हणून त्यानं बायकोचा भाऊ दिला.

आवडी गोष्टी सांगायची. खोताच्या शेतात लावणीला सगळी वाडी राबायची, तेव्हा चिखलात वाकून, हातानं रोप लावत, भर दुपारी सांगायची. सांगणाऱ्याला हुंकार लागतो, तो बाया द्यायच्या. बांधावर बसलेला धाकू म्हातारा, वाडीचा कारभार बघणारा गावकर, तिच्यावर खेकसायचा. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, एवढंही कळत नाही का, म्हणायचा.

आवडी म्हणाली, "माझा मामा खोताच्या गुरांमागं आहे, धाकूबाबा. चुकू दे वाट. तेवढाच सुटेल."

बाया हसल्या. धाकू त्यानंतर आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. बरंच झालं.

तिची गोष्ट एकच होती. एक मुलगी घरातून निघते आणि खोत नसलेलं गाव शोधत चालते. वाटेत जो भेटेल तो विचारतो, कुणाची गं तू? ती म्हणते, माझी मीच. बस, एवढंच. पण आवडी रोज तिला थोडी पुढं न्यायची. आज एक डोंगर, उद्या एक ओढा. ऐकता ऐकता वाडीतल्या सगळ्या बायांना एकच स्वप्न पडायला लागलं, असं म्हणतात. स्वप्नात उंडीचं मोठं झाड, खाली वाळू आणि वाळूत गोडं पाणी. सकाळी पाणवठ्यावर त्या एकमेकींना विचारायच्या, तुला दिसलं का गं? म्हातारे म्हणायचे, स्वप्नानं पोट भरतं का? पोट खोताकडं तरी कुठं भरत होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्याच पावसात मामा गोठ्यात वारला. खोतानं निरोप धाडला, लावणी उरकली की दुसरं माणूस पाठवा. बापानं मान खाली घातली. धाकू म्हणाला, चालत आलंय ते चालवायचं. आणि आवडीच्या धाकट्या बहिणीचं, मैनीचं नाव ठरलं. मैनी अजून परकर नेसायची.

ठरल्या दिवशी तिला कुंकू लावलं, हातात नारळ दिला, ढोल वाजवला आणि सगळी वाडी खोताच्या ओटीपर्यंत गेली. खोत झोपाळ्यावर पान चघळत बसला होता. आवडीनं हात जोडून एकच मागणं केलं. बहिणीला निरोपाची गोष्ट सांगते, मग घ्या ठेवून. खोताला करमणूक हवीच होती. त्यानं मान हलवली.

आता एक नियम सांगतो, तो तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होता. हुंकार दिला की माणूस गोष्टीला बांधला जातो. शेवट ऐकण्याआधी त्यानं सांगणाऱ्याला अडवलं तर त्याला चकवा लागतो. तो आपल्याच अंगणात गोल गोल फिरतो आणि त्याला दार सापडत नाही.

आवडीनं गोष्ट धरली. ती अशी रंगली की खोत झोका द्यायचा विसरला, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "हं."

आवडी म्हणाली, "मग ती मुलगी उठली." आणि स्वतः उठली. "तिनं बहिणीचा हात धरला." आणि मैनीचा हात धरला.

"हं," खोत म्हणाला. त्याला गंमत वाटत होती.

"ती पायऱ्या उतरली. ती अंगणाच्या बेड्याबाहेर पडली."

आवडी बेडं, म्हणजे अंगणाचं फाटक, उघडून बाहेर पडली तेव्हा खोताच्या लक्षात आलं. त्याचे गडी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. पण हुंकार त्यांनीही दिला होता.

"गोष्ट संपव आधी," खोत ओरडला.

"संपवायलाच चाललेय," आवडी म्हणाली.

पुढं ती, मागं बाया, त्यांच्यामागं खोत आणि गडी, आणि सगळ्यात मागं म्हातारे, उद्या काय होईल याचा हिशेब करत. खाडीला भरती होती. आवडी काठावर थांबली आणि म्हणाली, "मुलगी पाण्यापाशी आली, आणि पाण्यानं तिला वाट दिली."

बाया म्हणाल्या, "हं."

पाणी हललं. म्हातारे दोन पावलं मागं सरले. बायांनी पुन्हा हुंकार दिला, पोटातून, आणि भर भरतीची खाडी घोट्याएवढी झाली, असं म्हणतात. बाया पोरांना कडेवर घेऊन पार गेल्या आणि त्यांच्यामागं पाणी पुन्हा भरलं. खोत काठावर बसला, शेवटाची वाट बघत. तो तिथंच आहे. काळा खडक झालाय. त्याच्यावर कालवं धरतात आणि पोरं ती फोडून खातात.

पलीकडं उंडीचं झाड होतं. हातानं वाळू उकरली तर गोडं पाणी लागलं. तेच आमचं उंडीमाळ.

म्हातारे मागाहून होडीनं आले, खोत उठत नाही याची खात्री झाल्यावर. आणि थोड्याच वर्षांत धाकू उंडीखाली गावकर म्हणून बसला. कोण कुठं गेली, का गेली, हे विचारायला लागला. आवडीला म्हणाला, "आता पुरी कर ती गोष्ट आणि कुठंतरी नांदायला लाग."

आवडी म्हणाली, "पुरी केली तर खोत उठेल. आणि मला वाटतं, एक इथंही बसायला लागलाय."

दुसऱ्या सकाळी ती मागची टेकडी चढायला लागली, गोष्ट सांगत. मैनी पायथ्याशी उभी राहून हुंकार देत होती. वरून आवाज येईनासा झाला तरी देत होती. आवडी मेली असं कुणी म्हणत नाही. ती चालतेय, असं म्हणतात.

लावणी संपते त्या दिवशी आजही उंडीमाळच्या बाया टेकडीच्या वाटेवर फडक्यात बांधून भाकऱ्या ठेवतात. म्हातारे त्याला नैवेद्य म्हणतात. नैवेद्य नाही तो, शिदोरी आहे. त्या दिवशी घरातून निघालेल्या बाईला कुठं चाललीस असं विचारायचं नाही, अशी आवडीची आण आहे. म्हातारे तो एक दिवस कसाबसा दात आवळून पाळतात.

गेल्या वर्षी गावकराची नात त्या दिवशी निघाली, ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी गावकर दारोदार विचारत फिरला. बायांनी त्याला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं, बरंवाईट विचारलं. ती कुठल्या वाटेनं गेली, ते कुणी सांगितलं नाही.