रिंगणाबाहेरचे तीन खडे

डोंगराआडच्या एका गावात एक पाटील होते. हाताचे सढळ, पण कानाचे हलके. कुणी कानाशी लागलं की ते लगेच खरं मानायचे.

त्याच गावच्या शाळेत एक बाई शिकवायच्या. एखाद्या मुलाच्या डोक्यात विचारांचा गुंता झाला की त्या म्हणायच्या, "आधी मांडून दाखव, मग बोल." मग मुलं अंगणात रिंगणं काढत, त्यांत खडे ठेवत आणि खड्यांकडे बघत बघत नीट बोलू लागत. पाटील चारचौघांत हसायचे, "शिकवायचं सोडून बाई नुसत्या रेघोट्या ओढतात!"

पोळा झाला आणि आठवड्याभरात गावातली गुरं आजारी पडू लागली. पाटलांची लाडकी गाय तांबू, तीही चाऱ्याला तोंड लावेना. सगळा गाव पारावर जमला आणि सगळेच एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पाणी बाधलं. तेवढ्यात एक जण ओरडला, "हा नवा गुराखीच कायतरी चारतो!"

झालं! पाटलांना तेवढं पुरलं. "उद्याच्या उद्या गाव सोड," ते गरजले.

गुराख्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मायबाप, लेकरांवानी सांभाळली हो गुरं. आता बायकापोरं घेऊन कुठं जाऊ?"

इतक्यात शाळेतली एक चिमुरडी पुढे आली. "पाटीलबाबा, आधी मांडून बघू या का?"

लोक खो खो हसले. पाटलांना मात्र तांबूचा घोर लागला होता. ते म्हणाले, "मांड पोरी, तेही बघू."

पोरीने एक दावं घेऊन त्याचं जमिनीवर रिंगण केलं. "हे गुराख्याकडे चरायला जाणाऱ्या गुरांचं. ज्याचं जनावर आजारी आहे, त्यानं आत खडा टाकावा. चरायला जात नसेल, तर बाहेर ठेवावा."

आठ खडे आत पडले, तीन बाहेर राहिले. त्यातला एक तांबूचा होता. तांबू तर गोठा सोडून कधी कुठे जातच नव्हती.

"मग या तिघींना गुराख्यानं कधी चारलं?" पोरीने विचारलं. "त्यांनी काय खाल्लं होतं?"

तिन्ही घरांतून एकच उत्तर आलं: पोळ्याला पाटलांनी वाटलेली पेंड.

पोरीने दुसऱ्या दाव्याचं रिंगण पहिल्यावर थोडं चढवून मांडलं. "हे पेंड खाल्लेल्यांचं," ती दबकत म्हणाली. ज्याने त्याने आपापला खडा सरकवला आणि अकराच्या अकरा खडे त्यात आले. पेंड न मिळालेली गुरं त्याच कळपात चरून ठणठणीत होती.

पोरीने घाबरून बाईंकडे पाहिलं. बाईंनी शांतपणे मान डोलावली.

पाटील उठले आणि तडक कोठाराकडे गेले. पोती गळक्या कौलांखाली भिजली होती. पेंडीचा तुकडा मोडला, तर आत हिरवी बुरशी! त्यांना गप्प बसता आलं असतं. पण तो तुकडा त्यांनी पारावर आणून सगळ्यांना दाखवला.

"चूक माझी आहे," ते गुराख्याला म्हणाले. "तुला घालवून मी निवांत झालो असतो आणि तांबूला रोज हेच चारलं असतं."

पेंड पुरून टाकली. गुरं हळूहळू सावरली. गुराखी गावातच राहिला आणि पाटील शाळेत जाऊन मुलांच्या रांगेत मांडी घालून बसले. त्या चिमुरडीने सरकून त्यांना जागा करून दिली.

तात्पर्य: गलक्यात दोष गरिबाच्या माथी बसतो; पण विचार डोळ्यांपुढे मांडला, तर तो दोष ज्याचा त्याच्या दारी जातो.