हळदीच्या गळ्यातलं घुंगरू

एका गावात भिकाजी नावाचा ओतारी राहत होता. पितळ वितळवून बैलांच्या गळ्यातली घुंगरं ओतायची, हा त्याचा धंदा. गावात कुठल्याही बैलानं मान हलवली, की हा भट्टीपाशी बसल्या बसल्या सांगायचा, अमक्याचा बैल चालला. कान इतका तयार. अक्कल कानाइतकी तयार असती तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

घरात तो आणि बायको सगुणा. मूलबाळ नाही. हळदी नावाची पिवळी मांजर होती, तीच लेक. दुधाची पहिली वाटी तिची, उरलं तर चहा. मग हळदी जी खिडकीतून बाहेर पडायची, ती गावभर हिंडून दिवेलागणीला घरी. लेकीला असं कुणी सोडतं का? पण मांजरीला सोडतात.

शेजारी गोदाक्का नावाची एकटी म्हातारी. नवी ज्वारी निघाली की पहिली कणसं ती वळचणीला टांगायची, चिमण्यांसाठी. तिच्या सासूनं टांगली, तिनंही टांगली. शेजारीच एक फुटकं मडकं बांधलेलं, त्यात चिमण्यांचं घरटं. हळदी त्या कणसांखाली दबा धरून बसायची. पोट भरलेलं असायचं तरी मारायची, आणि मारून टाकून द्यायची.

एक दिवस गोदाक्का आली. भांडली नाही. म्हणाली, "भिकाजी, पाखरांना जेवायला मी बोलावते आणि गाठते तुझी मांजर. माझं आमंत्रण खोटं पडतंय. हिला घरात ठेव बाबा."

भिकाजी हसला. "आक्का, मांजर काय कोंबडी आहे, डालून ठेवायला?"

सगुणा म्हणाली, खिडकीला जाळी मारा, चार दिवस ओरडेल, मग रुळेल. एका दिवसाचं काम होतं. पण भिकाजीला घुंगरू ओतता येत होतं, म्हणून त्यानं घुंगरू केलं. माणसाचं हे असंच. रोग कुठलाही असो, आपल्याला येतं तेच औषध.

घुंगरू मात्र असं उतरलं की तसं त्याच्या हातून पुन्हा उतरलं नाही. बोराएवढं, आणि आवाज थेट खळ्यापर्यंत. हळदीच्या गळ्यात बांधलं. ती निघाली की चिमण्या भुर्रकन उडायच्या. भिकाजी ज्याला त्याला सांगत सुटला, पाखरंही वाचली आणि मांजरही मोकळी.

आठवड्यानं गोदाक्का पुन्हा आली. तिच्या ओच्यात चिमणीची चार पिल्लं होती, मेलेली. पिसंसुद्धा फुटली नव्हती.

"तुझं घुंगरू वाजलं, भिकाजी. मी ऐकलं, पिल्लांनीही ऐकलं. आई आली असं वाटून चौघांनी चोची उघडल्या. मी काठी घेऊन उठेपर्यंत संपलं."

सगुणानं जाळीची आठवण करून दिली. भिकाजी म्हणाला, बैलांची जत्रा तोंडावर आहे, ती झाली की बसवतो.

जत्रेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, तो साच्यात पितळ ओतत होता. खळ्याकडून घुंगरू वाजलं. त्यानं सगुणाला सांगितलं, "ऐक, तुझी लेक खेळतेय." घुंगरू थांबलं. मग एकदाच, हळू वाजलं. मग फार जोरात. मग नाही.

थोड्या वेळानं म्हातारा गुराखी आला. त्याच्या मुठीत घुंगरू होतं.

"कुत्री मागं लागली तशी तुमची मांजर कडब्याच्या गंजीत शिरली," तो म्हणाला. "कुत्री पुढं निघून गेली होती रं. सुटलीच होती बघ. पण छाती धपापत होती तिची. तेवढ्यानं हे वाजलं, आन् कुत्री माघारी फिरली."

सगुणानं दुधाची वाटी उचलून पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही. भिकाजी सकाळपासून खिडकीला जाळी ठोकत होता. घरातून बाहेर जायला कुणी उरलं नव्हतं, तरी ठोकत होता. एकट्याला जाळी ताणता येईना. गोदाक्का आली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली. तिच्या वळचणीला कणसं भरलेली होती. त्या वर्षी त्यातला दाणाही कमी झाला नाही.

तात्पर्य: मांजर पाळायची असेल तर तिला घरात राखा, पाखरांचा जीव आणि तिचा जीव, दोन्ही तुमच्या दाराच्या कडीत असतात. राखण करायचं आपलं काम मुक्या जिवाच्या गळ्यात बांधून मोकळं होऊ नका, आणि जाळी ठोकायची तर मांजर जिवंत आहे तोवर ठोका.