बर्फाच्या पोटचं शेवाळ

ध्रुवावरचा समुद्र बारमाही गोठलेला असे, तेव्हाची गोष्ट. बर्फाच्या पोटाला खालून तपकिरी शेवाळ चिकटून राही. बर्फ हिणवायचा, "माझ्या अंगाची घाण!"

एकदा संशोधक आले. गिरमिट फिरवून त्यांनी बर्फाची लांब कांडी उपसली. तिचं शेवाळ लागलेलं टोक करवतीनं कापून डब्यातल्या समुद्राच्या पाण्यात अलगद ठेवलं आणि वरचा शुभ्र बर्फ चहाच्या किटलीत टाकला.

"आता बोल," डब्यातून शेवाळ म्हणालं, "घाण कोण?"

तेवढ्यात संशोधक मृदुलाबाई सोबत्यावर खेकसल्या, "जपून, चिटणीस! एकही पेशी फुटता कामा नये. उद्या सगळ्या गाळून, वाळवून त्यांचं वजन करायचंय."

हे ऐकून बर्फाला हसू फुटणार, तोच कुणीतरी स्टोव्ह पेटवला.