कुणीतरी पाणी मळवलं

गेलं बाई, गेलं! टबभर पाणी वाया गेलं!
कुणाचं? मिओचं.
कुठलं? लांब लांब जपानातलं.

मिओ म्हणजे एवढीशी मुलगी. घरात तिची आई, तिची आजी, आणि एक लठ्ठ मनी. मिओचे बाबा कामाला पुण्याला गेले होते. आज परत येणार होते. बाबा आले की मिओ त्यांच्यासोबत टबात डुंबणार होती. गरम गरम पाण्यात, अगदी गळ्यापर्यंत! म्हणून आईनं टब भरून ठेवला होता.

बाबा आले. दारातूनच म्हणाले, "तादाइमा!" म्हणजे, मी आलो!
आतून सगळे ओरडले, "ओकाएरी!" म्हणजे, आलास? ये, ये!

बाबांनी बॅग आत ठेवली. बॅगेत होती मेतकुटाची पुडी. पुडीत होती टिकली.
टिकली कोण? पुण्याची चिचुंद्री! मेतकूट खाता खाता झोपली, ती थेट विमानातून जपानात आली.

टिकली पुडीतून बाहेर आली. अंगभर मेतकूट. पिवळी पिवळी झालेली. समोर बघते तर काय? पाणीच पाणी!
"आंघोळीचं पाणी!" टिकली म्हणाली. "म्हणजे अंग धुवायचं पाणी!"
पुण्यात तसंच असतं ना. आपली बादली, आपली आंघोळ.
टुणुक टुणुक... डुबुक!
पाणी झालं पिवळं. कढीसारखं पिवळं.

मिओ आली. पाणी पाहिलं. ओठ काढला.
"या पाण्यात तर आम्ही सगळे बसतो! आधी बाहेर अंग धुतो. मग आत डुंबतो. कुणी मळवलं?"

टिकली साबणामागे लपली होती. तिनं सगळं ऐकलं. तिला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली!
कान लाल. नाक खाली. शेपटी पोटाखाली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली टबाकडे.
"कुणीतरी पाणी मळवलं. मिओ बसली पारोशी. चांगलं पाणी दे ना, टबा!"
कुणीतरी! ऐकलंत? म्हणे, कुणीतरी!
टब म्हणाला, "गुडगुड! आधी बूच निघू दे. मग पाणी."
कान लाल. नाक खाली. शेपटी पोटाखाली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली बाबांकडे. बाबा दारातच उभे. बूट काढलेले, पायात नुसते मोजे.
"कुणीतरी पाणी मळवलं. मिओ बसली पारोशी. टब देईना पाणी. बूच काढा ना, बाबा!"
बाबा म्हणाले, "फरशी गार गार! आधी घरातल्या सपाता मिळू देत. मग बूच."
कान लाल. नाक खाली. शेपटी पोटाखाली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली मनीकडे. मनी बसली होती सपातांवर. घाबरू नका हं. मनी चिचुंद्री खात नाही. वास येतो ना!
"कुणीतरी पाणी मळवलं. मिओ बसली पारोशी. टब देईना पाणी. बाबा काढीनात बूच. सपाता सोड ना, मनीमावशी!"
मनी म्हणाली, "म्यांव! आधी मासा मिळू दे. मग सपाता."
कान लाल. नाक खाली. शेपटी पोटाखाली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली आईकडे. आई मासा भाजत होती. चर्र चर्र!
"कुणीतरी पाणी मळवलं. मिओ बसली पारोशी. टब देईना पाणी. बाबा काढीनात बूच. मनी सोडीना सपाता. मासा दे ना, आई!"
आई म्हणाली, "माशासोबत हवा मुळ्याचा कीस. आधी मुळा येऊ दे. मग मासा."
कान लाल. नाक खाली. शेपटी पोटाखाली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली गेली आजीकडे. आजी परसात मुळे उपटत होती.
"कुणीतरी पाणी मळवलं. मिओ बसली पारोशी. टब देईना पाणी. बाबा काढीनात बूच. मनी सोडीना सपाता. आई देईना मासा. मुळा दे ना, आजी!"
आजीनं मुळा घट्ट धरला.
"कुणीतरी? कुणीतरी म्हणजे कोण? आधी नाव सांग. मग मुळा."

अरे देवा!
टिकलीला वाटलं, पळावं. पुडीत शिरावं. पुण्याला जावं.
तेवढ्यात खिडकीत मिओ दिसली. हातात दोन टॉवेल. एक छोटा, तिचा. एक मोठा, बाबांचा. अजून वाट बघत होती.
"मी," टिकली म्हणाली. इतकं हळू, की मुळ्यालाही ऐकू गेलं नाही.
"कोण?"
"मी! मी पाणी मळवलं. मला माहीत नव्हतं. मला खूप लाज वाटते, आजी."
आजी खाली बसली. टिकलीच्या नाकावरचं मेतकूट तिनं बोटानं पुसलं. "हा घे मुळा," ती म्हणाली.

आजीनं दिला मुळा. आईनं दिला मासा. मनीनं सोडल्या सपाता. बाबांनी काढलं बूच.
गटगट गटगट! पिवळं पाणी गेलं.
धो धो धो! नवं पाणी आलं.

टिकली निघाली पुडीकडे. नाक खालीच.
"अगं, थांब!" आजी म्हणाली. "आमच्याकडे पहिलं पाणी पाहुण्यांचं."
"पण मी तर..."
"तू तर पुण्याहून आलीस!"

मिओनं टबाबाहेर बुटकं स्टूल ठेवलं. त्यावर टिकलीला बसवलं. साबण लावला. घासघास घासघास! मेतकूट गेलं. पाणी ओतलं. साबण गेला.
मग टिकली टबात उतरली. हळूच. आधी पाय. मग पोट. मग गळ्यापर्यंत!
मिओ वाकून वाकून पाहत होती. पाणी तस्संच! स्वच्छ!
मग मिओ आणि बाबा डुंबले. मग आजी. मग आई. सगळ्यांना एकच पाणी.

सगळे जेवायला बसले. मासा, भात, मुळ्याचा कीस. टिकली दाराआड उभी. आत जावं की नको? कान पुन्हा थोडे लाल झाले.
ती हळूच म्हणाली, "तादाइमा."
सगळे ओरडले, "ओकाएरी!"
मनीसुद्धा!

गोष्ट न्हाली, पुसली, वाळली. आता आपल्या घरात पारोसं कोण राहिलंय?
कुणीतरी?
कुणीतरी म्हणजे कोण?