मायना

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. ऊन नाही, पाऊस नाही, वारासुद्धा नाही. आभाळ नुसतं खाली येऊन बसलेलं.

"बाबा, यात मी कुठं आहे?"

सुधाकरनं लतीफबाबांपुढं कागद धरला. मोठ्या शहरात प्रोफेसर होता तो. वडील, नथ्थूअप्पा, जाऊन महिना झाला होता. घराशेजारीच दर्ग्याची ओसरी, तिथं लतीफबाबा फकीर राहायचे. अप्पांचे जन्माचे शेजारी. बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"काय आहे हे, प्रोफेसरसाहेब?"

"अप्पांची पत्रं. संगणकात घातली. जो शब्द जास्त वेळा आला, तो मोठा दिसतो. कमी वेळा आला, तो बारीक. शब्दांचा ढग म्हणतात याला."

"असं होय? मग बरसतो कधी?"

सुधाकर हसला नाही.

"हे सगळ्यात मोठं काय?"

"विहीर."

"अन् हे?"

"बैल. हे कपाशी. हा खोकला... बैलाचं नाव आहे बाबा, खोकल्याचं आहे. माझं नाही. दोनशे चौदा पत्रं लिहिली, अन् मी कुठंच नाही."

 त्यानं शेजारचं पत्रांचं गाठोडं पुढं ओढलं.

"संध्याकाळी नदीत सोडून देतो."

बाबा गाठोड्याकडं बघत राहिले.

"सगळी घातलीस?"

"सगळी."

"पुरती?"

"मायना तेवढा वगळला. 'चिरंजीव सुधाकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.' प्रत्येक पत्राला तोच. छापल्यासारखा. त्यात काय मजकूर?"

बाबा उठले. चहाचे दोन कप भरून आणले अन् खालच्या पायरीवर जाऊन बसले. उदबत्तीची एक विझलेली काडी घेतली, लेखणीसारखी धरली, मांडीवर टेकवली...

अन् थांबले.

सुधाकरनं वाट पाहिली. कावळा येऊन गेला. चहावर साय धरली.

"बाबा... काय करताय?"

"अप्पा इथंच बसायचा. पत्र लिहायला."

"मग लिहा की."

काडी हलली नाही. बाबांची नजर लांब, गाडीरस्त्याकडं. सुधाकरचा चहा पुरता निवला. मग कुठं बाबांनी हळूच काडी फिरवली. एक ओळ.

त्यानंतर मात्र भराभरा.

"विहीर, बैल, खोकला... एका दमात," बाबा म्हणाले. "पण पहिली ओळ उमटेस्तवर मी म्हणायचो, अप्पा, लेका, चहा गार झाला. तो म्हणायचा, थांब रे, पोराशी बोलतोय."



थोड्या वेळानं सुधाकरनं गाठोडं सोडलं. वरचं पत्र काढलं. मायन्याच्या आधी, पेन टेकवलेल्या जागी, शाईचा एक ठिपका होता, पलीकडच्या बाजूला उमटलेला. अप्पांचं पेन गळकं, असं तो कॉलेजात असताना मित्रांना सांगायचा.

दुसरं पत्र काढलं. ठिपका. तिसरं काढलं... खाली मजकुरात कुठंच शाई सांडलेली नव्हती.

त्यानं ढगाच्या कागदाची घडी घातली, ती पत्रांच्या बुडाशी ठेवली, अन् वाऱ्यानं पत्रं उडू नयेत म्हणून वर निवलेला कप.

वारा आता जरासा सुटला होता.

बाबा पायरीवर सरकले. बाजूला एक माणूस बसेल एवढी जागा केली.

"मला वाचता येत नाही, बाळा. तू वाच. सावकाश... तो लिहायचा तसं."